पैसा सरकारचा असताना मंडळ स्वतंत्र कसं राहतं?

मिरजेहून पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: परदेशी श्रोत्यांसाठी सरकारी पैशातून चालणाऱ्या रेडिओ-टीव्ही सेवांवर काही देशांत स्वतंत्र मंडळ देखरेख ठेवतं. पण पैसा सरकारचा आणि सदस्यांची नेमणूकही सरकारचीच, मग ते मंडळ स्वतंत्र कसं? मंत्रालयानेच थेट कारभार पाहिला तर बिघडतं कुठे? आणि आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या आपल्या प्रसार भारतीच्या मंडळाला या रांगेत बसवता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते. प्रसार भारतीला मंडळ आहे, आणि कागदावर ते बरंच भक्कम आहे. पण परदेश प्रसारणाच्या बाबतीत, ज्या कायद्याने हे मंडळ बनलं त्याच कायद्याने त्याचे हात बांधून ठेवले आहेत. कसे, ते पुढे सविस्तर येईल.

माझी उभी नोकरी आकाशवाणीत गेली. सुरुवात सांगली केंद्रावर झाली, मधली काही वर्षं दिल्लीत विदेश सेवा विभागात होतो. कायद्याची कलमं वाचली, तसंच त्या कलमांचं स्टुडिओत काय होतं तेही जवळून पाहिलं. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. मंडळावर किती मोठी माणसं बसली आहेत यावर मी जात नाही. सदस्याला काढण्याचा अधिकार कुणाला आहे, पैसा किती वर्षांसाठी बांधून दिला आहे आणि सत्तेतल्या माणसाचा फोन थेट न्यूजरूममध्ये पोचू शकतो का, हे मी पाहतो. या तिन्हींची उत्तरं मिळाली की मंडळ किती स्वतंत्र आहे ते समजतं.

मंत्रालयाने थेट चालवलं तर काय बिघडतं, याचं उत्तर आपल्याच भागातून देता येईल. वेणू चितळे हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. मूळच्या शिरोळच्या, सांगलीहून निघून अंकलीचा पूल ओलांडला की तिथून शिरोळ फार लांब नाही. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनला बीबीसीच्या पौर्वात्य सेवेत होत्या. जॉर्ज ऑर्वेल तेव्हा तिथेच भारतासाठीच्या कार्यक्रमांचं काम पाहत. त्या विभागातून मराठीतही बातमीपत्र जायचं. इकडे त्याच सुमारास जुन्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगलीचा बराचसा भाग होता, सरकारी तारा तोडल्या जात होत्या आणि १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. ज्या सरकारविरुद्ध हा लढा चालला होता, त्याच सरकारच्या राजधानीतून मराठीत युद्धाच्या बातम्या येत होत्या. बातमी शंभर टक्के खरी असली तरी वाळव्याकडच्या माणसाने तिच्यावर किती भरवसा ठेवला असता?

ऑर्वेल यांनी १९४३ मध्ये राजीनामा देताना दोन गोष्टी लिहिल्या. मनाविरुद्ध काही बोलण्याची सक्ती आपल्यावर कधीच झाली नाही, ही एक. आणि तरीही आपला वेळ आणि जनतेचा पैसा निष्फळ कामात जातो आहे, ही दुसरी. आत काम करणाऱ्याला मोकळीक असूनही बाहेरच्या श्रोत्याचा विश्वास बसत नाही, कारण आवाजामागे उभं असलेलं सरकार त्याला दिसत असतं. ते सरकार आणि तो आवाज यांच्यामध्ये श्रोत्याला दिसेल असं कुणीतरी उभं करायचं, ही मंडळाची मूळ कल्पना.

विश्वास नसला की काय होतं हे आपण स्वतः श्रोते म्हणूनही अनुभवलं आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींच्या निधनाची बातमी बीबीसीने दिवसाच दिली, आकाशवाणीने ती अधिकृतपणे सांगितली संध्याकाळी. उशीर करण्यामागे सरकारची काही कारणं असतील, पण त्या दिवशी देशभर लोकांनी शॉर्टवेव्हचे काटे फिरवले, आणि पुढे कितीतरी वर्षं गावोगावी एखादी बातमी पक्की करायची म्हटलं की 'बीबीसीवर काय म्हणाले?' हाच प्रश्न निघायचा. आकाशवाणीत काम करताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आणि दर वेळी तो लागला.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण मंडळाचा प्रयोग तिथे सगळ्यात स्पष्टपणे झाला, आणि तो मोडलाही तितक्याच स्पष्टपणे.

व्हॉइस ऑफ अमेरिका १९४२ मध्ये सुरू झाली, ती सरकारचीच. तिच्या जोडीला १९५० मध्ये पूर्व युरोपातल्या साम्यवादी देशांसाठी रेडिओ फ्री युरोप आणि १९५३ मध्ये सोव्हिएत संघासाठी रेडिओ लिबर्टी आली. या दोन्ही खासगी संस्था आहेत, अमेरिकन नागरिकांच्या देणग्यांवर चालतात, असं जगाला सांगितलं जाई. प्रत्यक्षात पैसा सीआयएचा होता. १९५६ च्या हंगेरीतल्या उठावाच्या वेळी रेडिओ फ्री युरोपच्या काही प्रसारणांनी पश्चिमेकडून मदत येईल अशी आशा लोकांना लावली, असा ठपका तिच्यावर आला. सीआयएचं बिंग १९६७ पासून फुटत गेलं आणि १९७१ मध्ये सिनेटर क्लिफर्ड केस यांनी सिनेटमध्ये ते उघडपणे मांडलं. तेव्हा अमेरिकी काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, दोनच वाटा होत्या: ही केंद्रं बंद करायची किंवा पैसा उघडपणे द्यायचा. त्यांनी दुसरी वाट धरली आणि १९७३ मध्ये कायदा करून आंतरराष्ट्रीय प्रसारण मंडळ नेमलं. काँग्रेसने पैसा मंडळाला द्यायचा, मंडळाने तो अनुदान म्हणून रेडिओला द्यायचा, हिशेब तपासायचा आणि मजकुरात सरकारला हात घालू द्यायचा नाही. लपवाछपवी उघडी पडल्यावर निघालेला हा तोडगा होता, हे विसरून चालणार नाही. श्रोत्याचा गेलेला विश्वास परत मिळवण्यासाठी मंडळ जन्माला आलं.

१९९४ च्या कायद्याने सगळ्या सेवा एका छत्राखाली आल्या आणि नवं मंडळ बनलं. नऊ सदस्य. आठ जण राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे, सिनेटने संमती द्यायची, आणि त्यात एका पक्षाचे चारपेक्षा जास्त नसावेत. नववे पदसिद्ध, १९९९ पासून परराष्ट्रमंत्री. १९९९ मध्ये हे मंडळ स्वतंत्र सरकारी संस्था झालं. 'चारपेक्षा जास्त नाही' या एका वाक्यावर मी खूप विचार केला आहे. ही माणसं निःपक्ष असतील असं कायद्याने गृहीत धरलेलं नाही. ती पक्षाची असणारच, हे मान्य करून समसमान बसवलेली आहेत, म्हणजे एका बाजूने दबाव आणला तर तो दुसऱ्या बाजूला लगेच कळेल. आपल्याकडे 'नामवंत व्यक्ती' असा शब्द कायद्यात घालून आपण समाधान मानतो. मला अमेरिकी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

या मंडळाची खरी परीक्षा सप्टेंबर २००१ मध्ये झाली. न्यूयॉर्कच्या हल्ल्याला दोन आठवडेही उलटले नव्हते. व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या पश्तो सेवेने तालिबानचा प्रमुख मुल्ला ओमर याची फोनवर मुलाखत घेतली होती. परराष्ट्र खात्याने आक्षेप घेतला: अमेरिकी करदात्यांच्या पैशावर तालिबानचा आवाज ऐकवायचा नाही. आक्षेप मंडळाच्या सदस्यांपर्यंतही पोचवला गेला. बातमी थांबली. आतल्या पत्रकारांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या, आणि २५ सप्टेंबरला ती गेली.

ती कशी गेली हे आपल्या व्यवसायातल्या माणसाने नीट पाहावं. अख्खी मुलाखत वाजवली नाही. तिच्यातले अंश घेतले, त्यांच्यासोबत राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या भाषणातला भाग, तालिबानविरोधी उत्तर आघाडीची बाजू आणि इस्लामच्या एका अभ्यासकाचं मत जोडलं. कुठल्याही चांगल्या न्यूजरूममध्ये उपसंपादकाने हेच केलं असतं. ज्या देशावर हल्ला झाला त्याच देशाच्या पैशावर शत्रूचं म्हणणंही तपासून, संदर्भासह ऐकवलं जातं, हे अफगाण श्रोत्याला त्या दिवशी कळलं. थोड्याच दिवसांत तिथे नवे संचालक आले, हेही लक्षात ठेवा. बातमी वाचली, पण ती वाचवण्याची किंमत मोजावी लागली.

आता त्या मंडळाच्या उण्या बाजू, कारण मंडळ म्हटलं की सगळं छान, असं मी मुळीच मानत नाही. सदस्य अर्धवेळ होते, आपापले उद्योगधंदे सांभाळून बैठकीला यायचे, आणि कायद्याने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची जागाही त्याच मंडळाला दिलेली होती. नऊ जणांनी मिळून रोजचा कारभार हाकायचा, हे कुठे जमलं आहे? जागा रिकाम्या राहत, बैठकीला गणपूर्ती होत नसे. जानेवारी २०१३ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी, म्हणजे त्याच मंडळाच्या पदसिद्ध सदस्यांनी, काँग्रेससमोर सांगितलं की हे मंडळ जवळजवळ निकामी झालं आहे.

दुखणं खरं होतं, पण त्यावर केलेला इलाज जास्त महागात पडला. डिसेंबर २०१६ मध्ये संमत झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्यातच एक तरतूद घालून मंडळाचे अधिकार राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या एका मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे दिले आणि मंडळ नुसतं सल्ला देण्यापुरतं उरलं. सांगली-साताऱ्यातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. सहकारी बँकेचं संचालक मंडळ भांडतं, घोळ घालतं, मग ते बरखास्त होऊन प्रशासक बसतो, आणि सुरुवातीला सभासदांनाही बरं वाटतं, कारण फायली हलायला लागतात. पण प्रशासक ज्याने नेमला त्याचंच ऐकणार, आणि ठेवीदाराने दाद मागायची तर मधलं कुणी उरलेलं नसतं.

तिथेही तसंच झालं. जून २०२० मध्ये नवे मुख्य कार्यकारी अधिकारी मायकेल पॅक आले आणि त्यांनी रुजू झाल्यावर काही दिवसांतच रेडिओ फ्री युरोप, रेडिओ फ्री आशिया आणि अरबी सेवांच्या प्रमुखांना एकदम काढून टाकलं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी फायरवॉलचा नियमच रद्द केला. फायरवॉल म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने बातमीच्या निर्णयात ढवळाढवळ करायची नाही, ही नियमात लिहिलेली आडभिंत. नोव्हेंबरमध्ये संघीय न्यायालयाने त्यांना पत्रकारितेच्या कामात हस्तक्षेप करायला मनाई केली. मग काँग्रेसने कायदा पुन्हा दुरुस्त केला: सेवांच्या प्रमुखांना नेमायचं किंवा काढायचं तर सल्लागार मंडळाच्या बहुमताची संमती हवी.

ही दुरुस्ती किती महत्त्वाची होती ते २०२५ मध्ये कळलं. मार्चमध्ये ट्रम्प प्रशासनाने या सगळ्या यंत्रणेला कायद्याने आवश्यक तेवढ्या किमान कामापुरतं आकसायचा आदेश काढला आणि व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या १३०० हून जास्त लोकांना रजेवर पाठवलं. त्याआधी जानेवारीतच सल्लागार मंडळाच्या जवळपास सगळ्या सदस्यांना काढलेलं होतं. पुढे संचालक मायकेल अब्रामोविट्झ यांना हटवायचं ठरलं तेव्हा ऑगस्टमध्ये न्यायाधीश रॉयस लॅम्बर्थ यांनी निकाल दिला की मंडळाच्या संमतीशिवाय संचालकाला काढता येणार नाही. संमती द्यायला मंडळच जागेवर नव्हतं, आणि तरीही कायद्यातलं ते एक वाक्य त्या माणसाच्या पाठीशी उभं राहिलं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, सदस्यांची नावं नंतर पाठ करा, काढण्याचं कलम आधी वाचा.

ब्रिटनचा धडा पैशाचा आहे. बीबीसीची साम्राज्य सेवा डिसेंबर १९३२ मध्ये सुरू झाली, पुढे तीच वर्ल्ड सर्व्हिस. अनेक दशकं तिला परराष्ट्र खात्याचं अनुदान मिळत होतं. कोणत्या भाषेत आणि किती तास हे खातं ठरवणार, काय बोलायचं हे बीबीसी ठरवणार, अशी वाटणी होती. १९५६ च्या सुएझ संकटात ती ताणली गेली. पंतप्रधान ईडन यांच्या धोरणावर विरोधी पक्षनेते गेट्सकेल यांनी केलेली टीका परदेशी सेवांवरूनही गेली, वर्तमानपत्रांतला विरोधही अरबी श्रोत्यांना ऐकवला गेला. सरकारने परदेशी सेवांच्या अनुदानात दहा लाख पौंडांची कपात करण्याची भाषा सुरू केली आणि परराष्ट्र खात्याचा संपर्क अधिकारी थेट बुश हाऊसमध्ये, म्हणजे परदेशी सेवांच्या लंडनमधल्या इमारतीत, आणून बसवला. बीबीसीने मात्र विरोधी बाजू दाखवणं थांबवलं नाही. एप्रिल २०१४ पासून वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च प्रेक्षकांच्या परवाना शुल्कातून होऊ लागला, पण पैसा अपुरा पडला आणि २०१५ मध्ये सरकारने पुन्हा २८ कोटी ९० लाख पौंड जाहीर केले. त्याच विस्तारातून २ ऑक्टोबर २०१७ ला बीबीसी मराठी सुरू झाली. म्हणजे तुम्ही मोबाइलवर जे मराठी व्हिडिओ पाहता त्यांची सुरुवातही परदेशी सरकारच्या पैशातून झाली आहे. तुमचा प्रश्न दूरदेशीचा नाही. पुढे परकीय गुंतवणुकीवरच्या २६ टक्क्यांच्या मर्यादेमुळे २०२४ मध्ये बीबीसीच्या भारतीय भाषांचं काम एका वेगळ्या भारतीय कंपनीकडे गेलं.

जर्मनीची डॉइच वेले थेट केंद्राच्या अर्थसंकल्पातून चालते. तिच्या प्रसारण परिषदेवर १७ सदस्य, त्यातले सात संसदेची दोन सभागृहं आणि सरकार यांचे, आणि दहा चर्च, कामगार संघटना, उद्योग, विद्यापीठं अशा समाजातल्या संस्थांचे. महासंचालकाची निवड ही परिषद करते. सरकारी सदस्य कायम अल्पमतात, एवढंच त्यातलं मर्म. जपानमध्ये २००६ साली मंत्री सुगा यांनी तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेला, एनएचकेला, आदेश दिला की परदेशी रेडिओवरून उत्तर कोरियाने पळवून नेलेल्या जपानी नागरिकांचा विषय आवर्जून घ्या. विषय अत्यंत जिव्हाळ्याचा, तरीही गदारोळ झाला आणि नंतर कायदा बदलून 'आदेश' काढून 'विनंती' आणली गेली.

आता आपल्याकडे. आकाशवाणीची विदेश सेवा १ ऑक्टोबर १९३९ ला पश्तो प्रसारणाने सुरू झाली, हेतू नाझी प्रचाराला उत्तर देण्याचा. स्वातंत्र्यानंतर ती वाढली, पण राहिली खात्याच्या हाताखालीच. आणीबाणीतला अनुभव जमेला धरून वर्गीज समितीने १९७८ मध्ये राष्ट्रीय प्रसारण न्यास सुचवला. संसदेने १९९० मध्ये त्यापेक्षा पातळ असा प्रसार भारती कायदा केला आणि तो सात वर्षं बासनात राहिला. मधल्या काळात फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. १९९७ मध्ये कायदा अमलात आला.

या कायद्यातली चांगली बाजू आधी सांगतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. अध्यक्ष आणि सदस्यांची शिफारस तिघांची समिती करते: राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. गैरवर्तनाच्या कारणावरून सदस्याला काढायचं तर कलम ७ प्रमाणे राष्ट्रपतींनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवायचं आणि तिथे चौकशी व्हायची. अमेरिकेतल्या सदस्यांना असं संरक्षण कधीच नव्हतं. मंडळ बरखास्त करायचं असेल तर कलम २५ प्रमाणे आधी संसदेपुढे अहवाल, दोन्ही सभागृहांची शिफारस आणि तरीही कमाल सहा महिने.

कलम २३ तर मला मनापासून आवडतं. देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार प्रसार भारतीला एखादं प्रसारण करू नका किंवा अमुक प्रसारण करा असा निर्देश देऊ शकतं. इथपर्यंत वाचून बहुतेक टीकाकार थांबतात. पुढचे दोन भाग वाचा. असं प्रसारण केलं तर ते निर्देशावरून केलं आहे, हे प्रसार भारती प्रसारणातच जाहीर करू शकते. आणि प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांत ठेवावी लागते. सरकारचा हात आहे, पण तो झाकलेला नाही.

मग घोडं अडलं कुठे? एक तर पैशात. मंडळाकडे स्वतःचं भक्कम उत्पन्न नाही, संसदेने मंजूर केलेलं अनुदान खात्यामार्फत येतं. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत भरती झालेले कर्मचारी केंद्र सरकारचे, प्रतिनियुक्तीवर आलेले मानले जातात. त्यांचा पगार आणि सेवाशर्ती सरकारच्या. माझ्यासारखा माणूस महामंडळात काम करायचा, पण निवृत्तिवेतनासाठी डोळे सरकारकडे. अशा माणसाने बातमीवर ठाम राहावं अशी अपेक्षा करताना त्याच्या घराचाही विचार करायला हवा.

दुसरी अडचण थेट तुमच्या प्रश्नाशी भिडते. कलम १२ मध्ये प्रसार भारतीची कामं दिली आहेत. त्यात विदेश सेवांचं प्रसारण केंद्र सरकारच्या वतीने, सरकार ठरवील त्या अटी-शर्तींवर आणि सरकारकडून खर्चाची भरपाई घेऊन करायचं, असं लिहिलं आहे. परदेशी प्रसारणं ऐकून टिपण्याचं काम, ज्याला आम्ही मॉनिटरिंग म्हणायचो, तेही याच वाक्यात बसवलं आहे. 'केंद्र सरकारच्या वतीने' या शब्दांनी वर सांगितलेली सगळी तटबंदी परदेश प्रसारणापुरती गळून पडते. देशातल्या श्रोत्यासाठी प्रसार भारती विश्वस्त आहे, परदेशातल्या श्रोत्यासाठी ती सरकारची कंत्राटदार आहे.

याचा स्टुडिओतला अर्थ सांगतो. विदेश सेवेत असताना श्रोत्यांची पत्रं उघडणं हे माझं आवडतं काम होतं. नेपाळी, तमिळ, अरबी विभागांना पत्रं येत. पत्राच्या सुरुवातीला पाच आकडे लिहिलेले असत: आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, लहरींचा चढउतार आणि एकूण ऐकू येणं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. आकड्यांखाली गाण्यांची फर्माईश, सणांच्या शुभेच्छा. आणि अधूनमधून एखादा प्रश्न, तुमच्याकडे अमुक घडलं असं दुसऱ्या रेडिओवर ऐकलं, तुम्ही त्याबद्दल काहीच कसं बोलला नाहीत? गाण्याच्या फर्माइशीला आम्ही त्याच आठवड्यात उत्तर द्यायचो. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं की नाही हे आमच्या हातात नसायचं. तो श्रोता पुन्हा पत्र लिहीत नसे.

याउलट सांगली केंद्रावर शिकलेली एक गोष्ट मला आजही मंडळाच्या साऱ्या तत्त्वज्ञानापेक्षा मोलाची वाटते. ड्युटी रूममध्ये एक जाड नोंदवही असायची. प्रसारणात तीन सेकंद खंड पडला तरी ड्युटी ऑफिसरने वेळ आणि कारण लिहायचं. एका निवडणुकीच्या दिवसांत एका पुढाऱ्याच्या कचेरीतून फोन आला, एका कार्यक्रमातला काही भाग गाळा म्हणून. फोनवरच्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, आपलं नाव आणि हुद्दा सांगा, वहीत नोंद करतो." पलीकडून फोन ठेवला गेला. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे लागला.

परदेश प्रसारणावरच्या मंडळाने माझ्या मते सर्वांत आधी अशी वही ठेवावी. मंत्रालयाकडून, दूतावासाकडून, कुणाकडूनही आलेली प्रत्येक सूचना तारखेसह लिहायची आणि दर तिमाहीला मंडळापुढे ठेवायची. कलम २३ लेखी निर्देशांना पुरतं. तोंडी सूचना त्याच्या बाहेरून निसटतात, आणि प्रत्यक्षात काम होतं ते तोंडी सूचनांवरच.

त्याचबरोबर मंडळाने स्वतः न्यूजरूममध्ये शिरायचं नाही. बातमी लागण्याआधी सदस्याने ती पाहायला मागितली, तर मंत्र्याच्या जागी सदस्य आला इतकाच फरक. मंडळाचं काम अंदाजपत्रक, प्रमुखाची निवड, चुकांची दुरुस्ती जाहीर होते की नाही हे पाहणं, आणि कोणती भाषा चालू ठेवायची, कोणती बंद करायची हे ठरवणं. भाषेचा निर्णय सोपा वाटतो, पण तिथेच खरं राजकारण असतं. व्हॉइस ऑफ अमेरिकाची हिंदी रेडिओ सेवा २००८ मध्ये थांबली, बीबीसी हिंदी शॉर्टवेव्हवरून जानेवारी २०२० मध्ये गेली. आपल्या भागातल्या खेड्यांत ती ऐकणारी पिढी अजून आहे. श्रोते कमी झाले हे कारण खरं असेल, पण बंद करण्याचा तो निर्णय कुणी आणि कुठल्या आकड्यांवर घेतला हे श्रोत्याला कळायला हवं, आणि ते उघडपणे सांगायला मंडळासारखी जागा लागते.

भारताने जगासाठी मोठी वाहिनी काढावी, अशी चर्चा अधूनमधून होते. प्रसार भारतीने २०२१ मध्ये डीडी इंटरनॅशनलसाठी प्रस्तावही मागवले होते. मी त्याच्या बाजूने आहे. आपल्या बाजूचं जगाला कुणीतरी नीट सांगायलाच हवं. पण इमारत, कॅमेरे आणि परदेशी प्रतिनिधी यांच्याआधी कलम १२ मधलं ते वाक्य बदलायला हवं. परदेश प्रसारणालाही कलम ७ आणि २३ चं तेच संरक्षण द्यावं, पैसा निदान पाच वर्षांसाठी एकदम बांधून द्यावा, आणि परराष्ट्र मंत्रालयाचा प्रतिनिधी मंडळावर असावा पण मतदानाविना. सरकारची भूमिका मांडायला दिवसातून ठरावीक वेळ द्यावा आणि ती सरकारची आहे असं आवाजात स्पष्ट सांगावं. व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या १९७६ च्या सनदेत हेच आहे: सरकारची धोरणं स्पष्टपणे मांडा, आणि त्या धोरणांवरची जबाबदार चर्चाही ऐकवा.

तुम्हाला यावर प्रकल्प करायचा असेल तर १९९० चा २५ क्रमांकाचा कायदा मुळातून वाचा, तो छोटा आहे. कलमं ४, ७, १२, २३ आणि २५ एका बैठकीत होतील. मग माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये शुल्क आहे आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोनच गोष्टी मागा: १९९७ पासून कलम २३ खाली दिलेल्या निर्देशांची यादी, ते संसदेत ठेवल्याच्या तारखांसह, आणि विदेश सेवेसाठी सरकारने कलम १२ प्रमाणे ठरवलेल्या अटी-शर्तींची प्रत.